आउटबॉक्स म्हणजे जावक

निवृत्त माणसाला कामाचं कोणी विचारत नाही, किस्से मात्र सगळे विचारतात. जुन्नरच्या स्टँडमागे चहाला बसलो की कोणीतरी 'कॉम्प्युटर' म्हणतं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. हे किस्से मी कधी जमवले नाहीत. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यावर धूळ साठावी तसे ते आपोआप साठले. रोज झटकले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच!

ऑफिस एका शिक्षण संस्थेचं. नाव सांगत नाही, दिवाळीच्या फराळाला अजून बोलावतात. मुख्य कचेरी पुण्यात, शाळा जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी आणि मधे जुन्नरला आम्ही. दोन हजार साल उलटून गेलं होतं. पुण्याहून हुकूम आला, की यापुढे पत्रव्यवहार ईमेलने.

* * *

शिकवायला पुण्याहून एक तज्ज्ञ आले. एकच दिवस, त्यातला अर्धा मासवडीच्या जेवणात गेला. उरलेल्या वेळात त्यांनी इनबॉक्स आणि आउटबॉक्स समजावलं. आमचे आवक-जावक लिपिक किसनभाऊ, आणे गावचे, खुर्चीत मागे रेलले.

"म्हंजी आवक-जावकच की राव! एवढ्यासाठी पुण्याहून आला व्हय?"

तज्ज्ञ गेल्यावर भाऊंनी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठ्या चिकटवल्या. इनबॉक्स म्हणजे आवक. आउटबॉक्स म्हणजे जावक. ड्राफ्ट म्हणजे कच्चं. डिलीटेड म्हणजे निकाली. राहिलं 'सेंट आयटम्स'. त्यावर भाऊंनी बराच विचार केला.

"आयटम म्हंजी वस्तू. बाकं, खुर्च्या, घंटा. ते डेडस्टॉकवाल्याचं खातं, आपलं न्हाई!"

ते फोल्डर त्यांनी पुढे कधी उघडलं नाही. अर्थ चुकला होता एवढंच, अक्षर मात्र सुंदर होतं.

* * *

पहिला महत्त्वाचा अर्ज शेळके बाईंचा. बाई आमच्या आहुप्याच्या शाळेवर, घर पिंपळवंडीला. शनिवारी घाट उतरून घरी यायचं आणि सोमवारी अंधारात निघायचं. लहान मुलगी सासूबाईंपाशी.

"भाऊ, परवा पोरीनं विचारलं, तुम्ही परत कधी जाणार?" बाई म्हणाल्या. "मला अहोजाहो करते ती. पाहुणी समजते."

पिंपळवंडीच्या शाळेत एक जागा रिकामी झाली होती. जूनच्या आत बदली झाली तर झाली, नाहीतर कोणी दुसरं येऊन बसणार. पुण्याची अट होती, की अर्ज मेलनेच हवा, कागद चालणार नाही. भाऊंनी बाईंची सगळी प्रमाणपत्रं स्कॅन करून जोडली, लग्नाच्या दाखल्यासकट. बटण दाबलं. अर्ज आउटबॉक्समध्ये जाऊन बसला.

"पडला जावकला! बाई, आता निवांत झोपा."

* * *

दुसऱ्या दिवशी भाऊ घाबरेघुबरे.

"राव, जावक केलेली पत्रं नाहीशी व्हत्यात! काल बाकांची मागणी टाकली, आज तिथं न्हाई!"

पत्र गेलं की आउटबॉक्समधून निघतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी ते पुन्हा टाइप केलं, पुन्हा पाठवलं. ते पुन्हा नाहीसं झालं. शेवटी पुण्याच्या साहेबांचा फोन आला.

"किसनराव, एकच पत्र किती वेळा पाठवाल?"

"साहेब, तुमच्याकडं पोचतंय खरं, पण आमच्याकडं ऱ्हात न्हाई!"

शेळके बाई दर शनिवारी वाटेत उतरून चौकशी करायच्या. भाऊ अभिमानाने पडदा दाखवायचे.

"बाकीची सगळी पळाली बघा. तुमचा अर्ज मात्र जागचा हलला न्हाई. लई शिस्तीचा हाय!"

बाई समाधानाने पुढची गाडी पकडायच्या.

* * *

मग पुण्याच्या साहेबांनी सांगितलं, "पाठवलेली पत्रं 'सेंट मेल'मध्ये बघत जा." त्यांचा प्रोग्रॅम वेगळा, त्यात त्या फोल्डरचं नाव तसं होतं. आमच्याकडे ते नव्हतं. आमचे डुंबरे साहेब शिस्तीचे. वरिष्ठांनी सांगितलेलं फोल्डर ऑफिसात नाही म्हणजे काय?

"किसनराव, नसेल तर उघडा!"

भाऊंनी त्या नावाचं नवीन फोल्डर उघडलं.

"साहेब, झालं. पण रिकामं हाय."

डुंबरे साहेबांनी चष्मा लावून खात्री करून घेतली आणि पुण्याला फोन केला, "साहेब, तपासलं. आमच्या ऑफिसातून आजवर एकही पत्र गेलेलं नाही."

पलीकडून साहेबांचा आवाज चढला.

"मग माझ्याकडे ही बाकं कोण मागतंय?"

* * *

ऑफिसचा फोन बंद पडला की त्याच लाईनवरचं इंटरनेटही बंद, मग आम्ही पेठेतल्या सायबर कॅफेत जायचो. तिथे आमचंच खातं वेबसाइटवर उघडायचं, पण फोल्डरांची नावं तिसरीच. डिलीटेडचं 'ट्रॅश', आणि 'बल्क' नावाचं एक नवीनच. आउटबॉक्स तर मुळात नाही.

"आवक हाय, जावक न्हाई. लई सुखाचं ऑफिस हाय हे!" भाऊ म्हणाले. मग कॅफेवाल्या गणेशला विचारलं, "बल्क म्हंजी काय?"

गणेश दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेला. म्हणाला, "घाऊक."

घाऊक म्हणजे सगळ्या शाळांसाठी! भाऊंनी त्यातलं सगळं छापून घेतलं, 'तातडीचे' असा शिक्का मारला आणि एसटीने शाळाशाळांत पाठवलं. आठवड्याने आण्याच्या मुख्याध्यापकांचा फोन.

"भाऊ, ती परदेशातली लॉटरी विद्यार्थ्यांसाठी आहे की पालकांसाठी?"

"जोडपत्रात बघा."

"बरं. आणि ती दुसरी..." मुख्याध्यापकांनी आवाज खाली आणला, "ती पुरुषांच्या ताकदीची गोळी. ती शिक्षकांना सक्तीची आहे का?"

* * *

एप्रिल संपत आला. एका दुपारी शेळके बाई ऑफिसात बसलेल्या असतानाच पुण्याचा फोन आला. बदल्यांची यादी उद्या संध्याकाळी पक्की होणार. पिंपळवंडीसाठी दुसऱ्याच कोणाचा अर्ज आलाय, शेळके बाईंचा नाही.

"न्हाई कसा?" भाऊंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा काय जावकला!"

गणेशला बोलावलं. त्याने पडदा पाहिला, मग चिठ्ठी पाहिली, मग भाऊंकडे पाहिलं.

"भाऊ, आउटबॉक्स म्हंजी अजून दारातच उभं हाय. फोटो लई जड टाकलेत तुमी. आपल्या इथल्या कुठल्याच लाईनवर हे जायचं न्हाई."

डुंबरे साहेब उगाचच टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. बाई उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि एवढंच विचारलं, "आहुप्याची गाडी आता किती वाजता आहे?"

भाऊ टेबलाखाली वाकले आणि वायरी उपसायला लागले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही पुण्याला. कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून भाऊंच्या मांडीवर, माऊस माझ्या पिशवीत. कंडक्टरने विचारलं, "भाऊ, पेशंट का?" भाऊ म्हणाले, "हां. हळू घ्या."

साहेबांच्या टेबलावर भाऊंनी चादर सोडली.

"अहो, हे काय आणलंत? कागद तरी आणायचा!"

"कागद चालत न्हाई म्हणाला व्हता तुमी. म्हणून मेलच आणलाय."

साहेबांचा मॉनिटर जोडला. अर्ज जागेवर होता. साहेबांनी अर्ज वाचला, त्यावरची तारीख पाहिली. दुसऱ्या अर्जाच्या कितीतरी आधीची. मग यादी पुढे ओढून त्यांनी पिंपळवंडीसमोर बाईंचं नाव लिहिलं.

"ठीक आहे. बदलीचा आदेश मेलने पाठवतो."

"नको साहेब," भाऊ म्हणाले. "हातात द्या."

आदेश टाइप झाला, सही झाली. भाऊंनी तो घडी घालून आतल्या खिशात ठेवला, डबा पुन्हा चादरीत बांधला आणि दारापर्यंत जाऊन मागे वळले.

"साहेब, तो अर्ज आता जावकमधनं काढू, का ऱ्हाऊ द्यू? गेल्याचा पुरावा म्हणून?"