नांगर टाकलेल्या जहाजावरचा गेम

एल्पिडियो फिलिपिन्समधल्या इलोइलोचा, मालवाहू जहाजावरचा आचारी. पन्नाशी उलटलेली, जहाजावर सगळे त्याला ‘नोंग’ म्हणत, म्हणजे दादा. त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि गेमच्या डिस्क जास्त. जेवणघरातल्या टीव्हीला त्याचा जुना, बोजड कन्सोल कायम जोडलेला.

जहाजाचा सेकंड इंजिनियर विल्मार त्याच्याच गावचा. त्याने नवा कन्सोल घेतला होता, डिस्क घालायला फटच नसलेला.

“नोंग, ही भंगारवाल्याची पोतडी कशाला वागवतोस? माझे सगळे गेम यात आहेत, नेटवरून उतरवलेले.”

“उतरव बाबा. मला आपलं हाताला लागायला हवं,” म्हणत नोंग कांदे चिरायला लागायचा.

मलेशियातल्या जोहोरच्या बाहेर, किनाऱ्यापासून खूप लांब जहाजाने नांगर टाकला आणि तिथेच मालकाने हात वर केले. डिझेल येईना, फोन कोणी उचलेना. मग जहाजाचं इंटरनेटही गेलं. काही आठवड्यांनी विल्मारचा कन्सोल गेम उघडेनासा झाला. परवाना तपासायचाय, नेटला जोडा, एवढंच पडद्यावर यायचं. त्याने तो पुन्हापुन्हा बंद-चालू केला आणि शेवटी बंकखाली ढकलला.

“माझेच गेम, आणि मलाच दार बंद!”

“ये, बस,” नोंगने दुसरा कंट्रोलर पुढे केला. “हरायची तयारी ठेव मात्र.”

जनरेटर संध्याकाळी थोडाच वेळ लागायचा. तेवढ्यात भात शिजायचा, टाकीत पाणी चढायचं आणि बास्केटबॉलचा गेम रंगायचा. खाऱ्या हवेने डिस्क अडकायला लागली, तेव्हा नोंगने झाकण उघडून आतलं भिंग कापसाने पुसलं. भात आणि सुक्या मासळीवर माणसं दिवस ढकलत होती, भांडणं कशावरूनही पेटत. गेम चालू असेपर्यंत मात्र शिव्या फक्त पडद्यावरच्या खेळाडूंना.

मग विल्मारच्या पोटात उजव्या बाजूला कळा सुरू झाल्या. ताप चढला. कॅप्टन रेडिओवरून मदत मागत राहिला. बोट निघतेय, असं उत्तर यायचं आणि बोट यायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅप्टनने उरलंसुरलं डिझेल ओतून जनरेटर लावायला सांगितला, निदान पंखा तरी फिरेल म्हणून. विल्मारला जेवणघरातल्या बाकावर आडवं केलं होतं.

“गेम लाव, नोंग.”

नोंगने लावला.

“डावीकडे पास दे! डावीकडे! आंधळा आहेस का?” विल्मार पुटपुटला.

“दिसतंय रे मला.” नोंग दर पासला वळून बाकाकडे बघत होता. चेंडू पुन्हापुन्हा हातचा जात होता. काही वेळाने त्याच्या चुका काढणारं कोणी उरलं नाही. बोट आली, ती प्रेत न्यायला.

सुटका होऊन घरी आल्यावर नोंग विल्मारचा कन्सोल घेऊन त्याच्या बायकोकडे, रोसेलकडे गेला. तिच्या भावाने तो घरच्या नेटला जोडला. सगळे गेम पटापट उघडले, वर विल्मारचं नाव.

“इथे चालतंय की,” रोसेल म्हणाली.

“इथे चालतं.”

“नोंग, खरं सांगा. फार दुखत होतं का त्याला?”

येताना जीपनीत, तिथल्या शेअर गाडीत, बसून त्याने ‘नाही’ म्हणायचं ठरवलं होतं.

“हो,” तो म्हणाला. “फार.”

रोसेलने मान हलवली. भावाला टीव्ही बंद करायला सांगून ती आत गेली, ती नोंग निघेपर्यंत बाहेर आली नाही.