जुन्या आवृत्तीत न दिसलेली वाट

मुरबाडला स्टँडजवळ माझं नकाशे काढून देण्याचं दुकान होतं. वैशाखऱ्याच्या रस्त्यालगतच्या एका जमिनीच्या नकाशातून पायवाट गळली, ती माझ्या हातून. दोष मात्र माझ्याकडे नकाशे काढणाऱ्या बाईंवर आला आणि मी तो येऊ दिला.

दुकानात संगणक एकच. त्यावर नकाशाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती, माझा हात तिच्यावर बसलेला. बाई नवी आवृत्ती शिकून आल्या होत्या, म्हणून तीही टाकून घेतली. दोन्हींचं जमेना. जुनी फाइल उघडायला जावं तर नवी आवृत्ती सुरू होई, एकीच्या सेटिंगा दुसरी बिघडवी. मी वैतागून नवी काढून टाकायला निघालो.

"काका, दोन जावांचं एका चुलीवर जमत नाय, तर चुली वेगळ्या करायच्या," बाई म्हणाल्या. "एकीला माहेरी कशाला धाडता?"

त्यांनी दोन्हींचे फोल्डर वेगळे केले, सेटिंगा वेगळ्या ठेवल्या. रस्ते नि वाटा बाई नव्या आवृत्तीतल्या एका खास साधनानं काढत आणि जुनीला त्या दिसत नसत. म्हणून नव्यातली फाइल जुन्यात नेण्याआधी त्यांच्या साध्या रेघा करून घ्यायच्या, असा नियम लिहून त्यांनी पडद्याच्या कडेला चिकटवला.

वैशाखऱ्याच्या त्या जमिनीच्या वरच्या अंगाला बाईंची वाडी. वाडीतून विहिरीवर जायची वाट त्या जमिनीतूनच होती. जमीन घेणाऱ्या शेठला तिथं फार्महाउसचे प्लॉट पाडायचे होते, त्याचा नकाशा त्यानं आमच्याकडे दिला. बाईंनी स्वतः टेप लावून वाट मोजली आणि नकाशात काढली.

शेठ प्रिंट न्यायला आला त्या दिवशी बाई मुलीला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. "काका, गाडी चालूच ठेवलीय," तो दारातूनच म्हणाला. मी सवयीनं फाइल जुन्या आवृत्तीत उघडली. पडद्यावर सूचना आली की या नकाशातल्या काही गोष्टी इथं दिसणार नाहीत. ती मी वाचली, आणि वाचूनही ओके दाबलं. काय दिसत नाही ते पाहिलं नाही. कागद निघाला, मी सही केली.

काही महिन्यांनी जमिनीला तारेचं कुंपण पडलं. वाडीची माणसं दुकानात आली, मागोमाग शेठ. त्यानं कागद पसरला. "यात वाट कुठाय? सही तुमचीच ना, काका?"

मी म्हणालो, "काढताना बाईंकडून राहिली असेल."

बाईंनी पडद्याच्या कडेच्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाडीतली एक म्हातारी त्यांना म्हणाली, "रोज त्याच वाटंनं पाणी नेलंस गो. शेठचं काय गोड लागलं तुला?"

"आजी, मी काढली होती," एवढंच बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला आल्या नाहीत. पुढं कळलं की वाडीत त्यांना कुणी हळदीलाही बोलवत नाही.

दुकान बंद करून मी आता शहापूरला मुलीकडे असतो. तो संगणक माझ्याजवळच आहे. परवा ती फाइल नव्या आवृत्तीत उघडली. वाडीपासून विहिरीपर्यंत वाट तशीच होती. दोन्ही आवृत्त्यांमधून दोन-दोन कागद काढले, काय झालं ते खाली लिहून सही केली. एक जोड तहसील कचेरीत दिली. दुसरी घेऊन वाडीत गेलो आणि अंगणात सगळ्यांसमोर वाचून दाखवली.

म्हातारीनं विचारलं, "तुमी तेवा का नाय बोलले?"

"दुकानाचं नाव जाईल म्हणून भ्यालो."

 बाईंनी नव्या आवृत्तीतला कागद घेतला, वाटेवरून बोट फिरवत विहिरीपर्यंत नेलं आणि तो म्हातारीच्या हातात दिला.

"हा तुझ्याकडं ठेव, आजी. माझ्याकडं असला तर परत म्हणाल, हिनंच मागनं काढलाय."

मग हंडा उचलून त्या कुंपणाच्या कडेकडेनं, लांबच्या वाटेनं पाण्याला गेल्या.