पुलाची खुंटी

दोन हजार चार साली मुलाने मला अमेरिका बघायला नेलं, आणि पहिल्याच महिन्यात मी तिथला पूल मोडला.

मी सुतार. शाळेची पायरी चढलो ती तिचं दार बसवायला, आणि ते दारसुद्धा शेवटपर्यंत खाली घासायचं. मुलगा मात्र इंजिनियर, शॉमबर्ग नावाच्या गावात घर. एका रविवारी म्हणाला, "आप्पा, तुमच्या आवडीचं काहीतरी दाखवतो." दोन तास नुसती मक्याची शेतं, मग एक खेडं आणि ओढ्यावर लाकडाचा पूल. वर घरासारखं छप्पर, बाजूंना फळ्यांच्या भिंती, आत तुळईला तुळई लाकडी खुंट्यांनी जोडलेली. शंभर वर्षांच्या वरचा, मुलगा म्हणाला. मी चपला काढायला वाकलोच होतो.

वाकलो म्हणून दिसलं. एक खुंटी दोन बोटं बाहेर आलेली. आता असं दिसल्यावर सुताराचा हात थांबतो होय? मुलगा फोटो काढत होता. मी पुलाच्या तोंडाशी पडलेला दगड घेतला आणि एकच ठोका दिला. खुंटी आत गेली. आत गेली ती पलीकडून निघाली आणि खाली पाण्यात बुडुक. चाळीस वर्षांचा अनुभव माझा.

पुलाची डागडुजी करणारा म्हातारा तिथंच हत्यारांची पेटी उघडून बसला होता. तो उठला, भोक बघितलं, मग माझ्या हातातला दगड बघितला. मला राग आला तो आधी माझाच. तेवढ्यात मुलगा धावत आला, सॉरी सॉरी करत माझ्याकडे बोट केलं आणि स्वतःच्या कानशिलापाशी बोट गोल फिरवलं. तेवढं इंग्रजी मला येतं.

"काय सांगितलंस त्याला?"

"काही नाही. गाडीत बसा."

"त्याला सांग, मी सुतार आहे. नवी खुंटी मी करून देतो."

"आप्पा, प्लीज. इथं पोलीस बोलावतात. माझं ग्रीन कार्ड आधीच अडकलंय."

"ते एका खुंटीवर अडकलंय होय?"

"तुम्हाला काही कळत नाही, यार."

बापाला यार. ह्याच्या सगळ्या इयत्ता माझ्या रंध्यावर निघाल्या, आणि मला काही कळत नाही. डोकं असं सणकलं की मी सरळ म्हाताऱ्यापाशी गेलो, न विचारता त्याच्या पेटीतली पटाशी उचलली आणि भोकाकडे हात केला.  मग त्याने एक लाकडाचा तुकडा पुढे केला. सागवान नव्हतं, पण चिवट होतं.

रागात हात जोरात चालला आणि पहिली खुंटी झाली काडीएवढी. तीही पाण्यातच गेली असती. म्हाताऱ्याने दुसरा तुकडा दिला. ती दमाने केली. त्यानेच लाकडी हातोडा दिला, तीन ठोक्यांत घट्ट बसली.

मग तो बोलायला लागला. खुंटीवर हात ठेवून बोलला, माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलला, मधेच हसला.

"काय म्हणाला?" मी मुलाला विचारलं.

तो किल्ल्या हलवत उभा. "थँक्यू म्हणाला."

"एवढं लांब?"

"थँक्यूच, आप्पा. चला आता."

म्हातारा काय बोलला ते मला आजही ठाऊक नाही. शिव्या असतील. असल्या तरी त्या माझ्या होत्या. ह्या पोराने मला त्यासुद्धा दिल्या नाहीत.