नाकाची सवय

आम्ही तिला इन्स्पेक्टर म्हणायचो. हुद्दा तसा काही नव्हता. पाइपने घरोघरी गॅस पुरवणाऱ्या कंपनीत ती गळती शोधायचं काम करायची. तक्रार आली की पिशवी खांद्याला लावून निघायची आणि दारातूनच सांगायची, गळती शेगडीपाशी आहे की मीटरपाशी. यंत्र नंतर काढायची, नाक आधी. वीस वर्षं हेच केल्यावर ते अंगात भिनलं होतं. माझ्या घरी जेवायला आली तरी आधी स्वयंपाकघरात जाऊन हुंगायची. मला राग यायचा. पाहुणी म्हणून आलीस ना, मग गप बस की.

बुधवारी संध्याकाळी आम्ही तिघी चित्रकलेच्या क्लासला जायचो. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कामाला, आणि तिसरी मास्तरीण, शाळेत विज्ञान शिकवते. चित्रं आमची यथातथाच. सर बिचारे बघून न बघितल्यासारखं करायचे. आम्हाला गप्पा हव्या असायच्या, हात आपले चालू.

त्या बुधवारी मास्तरीण तणतणत होती. पुढच्या वर्षी तिच्या गळ्यात भूगोल मारणार होते. "मला स्वतःच्या घरचा रस्ता धड सापडत नाही आणि मी पोरांना नद्या दाखवू?" मी दुकानातल्या नव्या मशीनचं रडगाणं गायलं. इन्स्पेक्टर म्हणाली, "आमच्याकडे महिनाअखेरीला वैद्यकीय तपासणी आहे. डोळे, कान, नाक, सगळं." एवढं बोलून ती पुन्हा चित्राकडे वळली.

मास्तरणीला मध्येच काहीतरी विचित्र सुचतं. "मांजराला गोड चव कळतच नाही, माहितीये? आणि मला सांगा, दुसऱ्याच्या घराचा वास लगेच येतो, मग आपल्या घराचा का येत नाही?"

"सवय होते नाकाला," मी म्हणाले. तेवढ्यात माझ्या कोपराचा धक्का लागून टर्पेंटाइनची बाटली आडवी झाली. सगळं इन्स्पेक्टरच्या बाहीवर. वास असा भपकन आला की पलीकडच्या बाकावरच्या दोघी नाकाला पदर लावून उठल्या. इन्स्पेक्टर मात्र खाली मान घालून झाडाला पानं काढत होती. बाही ओली झाल्याचंही तिला मी सांगितल्यावर कळलं.

मास्तरीण हसली. "नाक सुट्टीवर पाठवलंयस का गं?"

ती हसली नाही. ब्रश खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "चार महिने झाले. तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. कशाचाच वास येत नाही."

"आणि तू कामावर जातेयस?"

"यंत्र आहे. साबणाचं पाणी आहे. सांध्यावर लावायचं, बुडबुडे आले की गळती. नाकाला कोण विचारतंय? या वयात मला दुसरं काम कोण देणार, तू?"

"मग सगळीकडे लावतेस ना ते पाणी?" मास्तरणीने सहज विचारलं.

"लावते की," ती म्हणाली, आणि थांबली. तिचा चेहरा उतरला. "आज शेवटच्या घरी..." तिने पिशवी उघडली. साबणाची बाटली बाहेर काढली. काठोकाठ भरलेली होती. "यंत्र दुरुस्तीला दिलंय. शेगडीमागचा सांधा आवळला. मग वाकले, हुंगलं, आणि म्हणाले, झालं आजोबा, आता काही नाही."

चार महिने नाक मेलेलं, पण सवय जिवंत. वास आला नाही म्हणजे गळती नाही, हे तिच्या डोक्याने नाही, हुंगायला वाकलेल्या मानेने ठरवलं होतं.

"त्यांना कळेल ना वास," मी म्हणाले.

"त्यांना नाही येत, वय झालंय. तक्रार मुलीने केली होती, भेटायला आली होती म्हणून. आता एकटेच आहेत."

आजोबांना फोन कर म्हणून मी माझा फोन पुढे केला. तिने माझं मनगट धरलं. "घरात घंटी वाजायला नको. ठिणगी पडली तर?"

"मग कंपनीला कर."

"आधी जाऊ. मागच्याच गल्लीत आहे."

मी तिच्यावर ओरडले. एका माणसाच्या जिवापेक्षा तुझी नोकरी मोठी आहे का, असं चारचौघांत बोलले. ती ऐकत नव्हती, जिना उतरत होती. मास्तरीण मागून म्हणाली, "मी करते फोन, तुम्ही पळा," आणि इन्स्पेक्टरने तिला अडवलं नाही. घराचा पत्ता तेवढा सांगितला.

आम्ही धावलो. दुसऱ्या मजल्यावर आजोबांच्या दाराशी पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. तिने बेलला हात लावला नाही. तळहाताने दार बडवलं, पुन्हा बडवलं. आतून हालचाल नाही. मग चपला घासत येण्याचा आवाज आला.

"थांबा थांबा, दिवा लावतो."

"आजोबा, दिवा नको," ती अगदी शांतपणे म्हणाली. "अंधारातच कडी काढा. मघाची गॅसवाली आहे."

दार उघडलं. आजोबा हातात काठी घेऊन उभे. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. तिच्या कामाची सगळी भिस्त त्या क्षणी माझ्या नाकावर होती. मी श्वास घेतला. सडक्या अंड्यासारखा तो वास घशापर्यंत गेला. मी मानेनेच हो म्हटलं.

तिने आजोबांना दंडाला धरून माझ्या स्वाधीन केलं, आत गेली, मीटरजवळचा गॅसचा नळ बंद केला आणि एकेक खिडकी उघडत सुटली. मी आजोबांना घेऊन खाली गेले. ते विचारत होते, "दुपारी तर ठीक म्हणाली होती ना ती?"

कंपनीची गाडी आली तेव्हा ती आमच्याजवळ पायरीवर बसली होती. तिचे साहेब उतरले आणि म्हणाले, "बरं झालं वेळेवर लक्षात आलं. वास आला वाटतं?"

साहेबांनी सुटायची वाट तयार करून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि, खरं सांगते, मनातून मला वाटलं की तिने हो म्हणावं.

"मला येत नाही वास," ती म्हणाली. "चार महिन्यांपासून. आधीची घरंही पुन्हा तपासायला हवीत, साहेब. मी कुठे कुठे नुसतं हुंगलं, ते मला आठवत नाही."