कॉलर सैल ठेवणे

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेले नाही — पत्नीसमोरही नाही. आपण दोघे बाकावर शेजारी बसलो आहोत असे समजून सांगतो. मध्येच थांबेन कदाचित.

सोलापुरात माझे शिलाईचे दुकान आहे. तीस वर्षे माणसांच्या मानेभोवती टेप गुंडाळतो आहे. कॉलरचे माप घेताना टेपखाली एक बोट घालावे लागते — शर्टाला तेवढी सैल जागा हवीच. त्या बोटाला मान कळते. हे आधी का सांगतो आहे? कारण पुढचे सारे त्या बोटाचेच आहे.

महादेवअण्णा माझे जुने गिऱ्हाईक, पुढे मित्र. मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारायचे. त्यांची लेक अश्विनी माझ्या मुलासाठी ठरली, तेव्हा मुलगा चौतिशीत होता. टेलरचा मुलगा म्हणून चार ठिकाणांहून नकार आले होते.

साखरपुड्याच्या शर्टाचे माप घेताना अण्णांच्या डाव्या जबड्याखाली बोटाला काहीतरी लागले. भिजवलेल्या हरभऱ्याएवढे. दाबले तसे सरकले. त्यांचा आवाज महिनाभर बसलेला होता. "कांदा पुकारून घसा गेलाय, मास्तर. पोरगी दिली की गप बसणाराय मी," ते म्हणाले. मी हसलो.

माझा थोरला भाऊ असाच गेला होता — आधी आवाज बसला, मग मानेत गाठ. घशातला कॅन्सर आधी मानेतल्या गाठींत उतरतो आणि तिथे उतरला की पुढचे अवघड होत जाते, हे मला तेव्हाच डॉक्टरांनी समजावले होते. खात्री नव्हती, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. बोटाला खात्री होती.

मग बोललो का नाही? एक वाक्य पुरे होते — अण्णा, ही गाठ दाखवून घ्या. पण तपासण्या निघाल्या असत्या, लग्न लांबले असते, कदाचित मोडलेही असते. लग्न होऊ दे, मग सांगू — असे मी ठरवले. ठरवले, हा शब्द जाणूनबुजून लिहितो आहे.

पाच महिन्यांनी लग्नासाठी बंद गळ्याच्या कोटाचे माप. आता गाठ सुपारीएवढी झाली होती आणि जागची हलत नव्हती. उजवीकडेही एक होती.

"व्याही, मान फुगली की वो माझी! सासरा व्हायचा माज हाय जणू," अण्णा खोकत हसले.

"वयाने भरते," मी म्हणालो. आणि कॉलर उंच, सैल शिवली — फोटोत काही दिसू नये म्हणून. किती सफाईने शिवली होती!

लग्नानंतर तीन आठवड्यांनी त्यांना घास गिळवेना, तेव्हा मोठ्या डॉक्टरांना दाखवले. मीही बरोबर होतो. तपासण्या पाहून डॉक्टर म्हणाले, घशातली मूळ जागा अजून लहान आहे; पण रोग मानेच्या दोन्ही बाजूंच्या गाठींत गेला आहे, आणि त्या आत चिकटल्या आहेत. मग त्यांनी विचारले — पहिली गाठ कधी जाणवली? तेव्हा ती हलत होती का?

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. उत्तर त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होते. मी टेबलाच्या कडेकडे पाहत राहिलो.

"एकच, लहान, सुटी गाठ असताना आले असते तर आशा बरीच होती," डॉक्टर सावकाश म्हणाले.

अण्णा वर्षभरही राहिले नाहीत.

त्यांची पत्नी सरूबाई अधूनमधून लेकीकडे येतात. दुकानातल्या बाकावर बसतात आणि दर वेळी तेच बोलतात — "रोज समोर बसून वाढत हुते की, दादा. इतक्या जवळनं मला कसं दिसलं न्हाय वो? माझंच ध्यान नव्हतं." अश्विनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवते. त्या जो दोष स्वतःवर घेतात तो माझा आहे — हे मला त्या क्षणी माहीत असते, आणि मी मशीन चालवत राहतो.

हल्ली गिऱ्हाइकांची मापे अश्विनी लिहून घेते. वही तिच्याच हातात असते. मागच्या एका पानावर तिच्या वडिलांच्या नावाखाली माझ्या अक्षरात दोन ओळी आहेत. पहिली — मान साडेपंधरा. दुसरी — मान साडेसोळा, कॉलर सैल ठेवणे.

दुसरी ओळ लिहिताना मला सर्व ठाऊक होते. पहिली लिहितानाही.