त्याच छिद्रातून गेलेली गोळी

गणपतीत शारजातल्या अल मजाजच्या आमच्या फ्लॅटवर जमलेल्या मंडळींना माझा मुलगा जी हकिकत रंगवून सांगतो, ती चुकीची आहे. "आमच्या बाबांची गोळी बंदुकीतून बाहेरच आली नाही," असं म्हणून तो हातात नसलेली बंदूक खांद्याला लावतो, "आणि बाबा म्हणतात, बरोबर मधोमध लागली!" मंडळी हसतात, मोदकांचं ताट पुढे सरकतं. पहिली गोष्ट म्हणजे ती बंदूक नव्हे, रायफल. दुसरी गोष्ट, तो त्या दिवशी तिथे नव्हताच. खोर फक्कानच्या बंदरावर ड्यूटीवर होता. आणि तिसरी, जी सांगताना माझी लेखणी अडखळते, ती ही की 'मधोमध लागली' असं मी म्हणालो नव्हतो. मी जे म्हणालो ते याहून वाईट होतं.

काय घडलं ते समजायला आमची पद्धत थोडी सांगितली पाहिजे. ही रायफल माझी नाही. एक जर्मन इंजिनिअर मायदेशी परतताना ती आमच्या नेमबाजीच्या रेंजला देऊन गेला, आणि जाण्यापूर्वी ती चालवायची रीत मला शिकवून गेला. एका वेळी एकच गोळी, तीही शिशाची, हाताने ओतलेली. बाजारातल्या तयार काडतुसात गोळी पितळी केसच्या तोंडात घट्ट बसवलेली असते. इथे तसं नाही. आधी नुसती गोळी बॅरलच्या मागच्या तोंडात ठेवायची आणि एका छोट्या तरफेने ती आतल्या पिळदार खाचांमध्ये हलकेच दाबून बसवायची. मग तिच्यामागे केस सरकवायची. केसही दिवसभर एकच. गोळी झाडली की तीच केस बाहेर काढायची, टेबलावरच्या हातप्रेसमध्ये तिच्या बुडातला जळालेला प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, ठोकून काढायचा, नवा दाबायचा, मापाने पावडर ओतायची, पावडर सांडू नये म्हणून वर पुठ्ठ्याची पातळ चकती बसवायची, आणि पुन्हा रायफलीत. पावडर घरी नेण्याची परवानगी नाही, म्हणून हे सगळं रेंजवरच, नेमबाजीच्या टेबलाशी बसून. दोन गोळ्यांमध्ये पाच-सात मिनिटं सहज जातात. शेजारच्या टेबलावरचे तरुण तेवढ्यात डबाभर काडतुसं उडवून मोकळे होतात आणि आमच्याकडे, चूल पेटवून बसलेल्या माणसाकडे बघावं, तसे बघतात. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

सून मला गाडीने रेंजवर नेत असे. माझं लायसन्स वयामुळे नव्याने झालं नाही, आणि टॅक्सी शारजाच्या बाहेर त्या वाळूत यायला कुरकुर करतात. दुबई मरीनातल्या ऑफिसात आठवडाभर आकडे तपासून शनिवारी झोपायचं सोडून ती माझ्यासाठी एवढी गाडी हाकत असे. रेंजवर माझ्या मागच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसे, आणि मी सांगितलं की दुर्बिणीला डोळा लावून गोळी कुठे लागली ते सांगे. "नऊ वाजता, बाबा, रेषेच्या आत." घड्याळाच्या काट्यावरून दिशा सांगायची हे तिला मीच शिकवलं होतं. बाकी काही शिकवलं नव्हतं. तिने कधी विचारलं तर मी म्हणत असे, हा एका दिवसाचा विषय नाही.

त्या शनिवारी माझ्या उजवीकडे माझा वसईचा मित्र बसला होता. हॉटेलातली नोकरी संपवून निवृत्त झालेला, मासळी आणि नेमबाजी या दोनच विषयांवर बोलणारा. तो सगळ्यांना सांगतो की त्या दिवशी त्यानेच मला बोलण्यात गुंतवलं. "अरे माझंच तोंड बंद राहत नाय, त्याचा काय दोष?" हे तो प्रेमाने सांगतो, पण हे खोटं आहे. बोलत मी होतो. शिशात कथील किती मिसळावं यावर मी त्याला व्याख्यान देत होतो, आणि तो बिचारा "होय रे राजा, होय" म्हणत आपली रायफल पुसत होता. बोलता बोलता मी प्रायमर दाबला, आणि पावडर न ओतताच वर चकती बसवली. चकतीखाली काय आहे, काय नाही, हे नंतर कुणालाच दिसत नाही.

मी घोडा दाबला त्याच क्षणी पलीकडच्या टेबलावर कुणाची तरी मोठी रायफल कडाडली. कानांवर आवाज अडवणारे मफ होते. तो आवाज मी माझा समजलो. असं मी नंतर घरी आणि मित्राला सांगितलं, आणि ते अर्धंच खरं आहे. आवाज मी माझा समजलो असेन. पण खांद्याला धक्का बसला नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पावडरीशिवाय नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी बॅरलमध्ये थोडी पुढे सरकून अडकून बसते, हेही मला ठाऊक होतं. इतरांना हे मीच शिकवतो.

"बाबा, भोक दिसत नाहीये," मागून सून म्हणाली.

"नीट बघ."

"नीटच बघितलं. आधीची चार आहेत, तेवढीच."

मित्राने मान वर केली. पलीकडच्या टेबलावरचे दोघे वळले. आणि मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणालो, "त्याच छिद्रातून गेली असेल. होतं तसं. चांगल्या नेमबाजाचं होतं."

मित्र हसला. सून हसली नाही. "बाबा, तुमचा खांदा हलला नाही."

"तुला यातलं काय कळतं? जा, गाडीत बस. एसी लाव आणि बस."

ही भाषा मी वापरली. घरी वापरत नाही असं म्हणता येणार नाही, पण चारचौघांत पहिल्यांदा वापरली. ती गेली नाही. मी पाठ फिरवली, केस बाहेर काढली, पुढची गोळी बॅरलच्या तोंडात ठेवली आणि तरफेने दाबली. ती अगदी सहज बसली, कारण आधीची पुढे सरकून जागा मोकळी झाली होती. या वेळी पावडर मी न विसरता ओतली. केस रायफलीत सरकवली, मागचं तोंड बंद केलं. म्हणजे एका बॅरलमध्ये दोन गोळ्या, आणि मागे पावडरीने पुरती भरलेली केस. अशा वेळी बॅरल बांगडीसारखी फुगते. कधी तेवढ्यावर थांबत नाही.

"थांबा!" ती ओरडली. नुसतं मराठीत, 'थांबा!' रेंजवरच्या कुणालाही तो शब्द कळत नव्हता, पण एकूण एक रायफली थांबल्या. रेंजचा प्रमुख, फौजेतून निवृत्त झालेला स्थानिक अरब, धावत आला. त्याने माझ्या हातातून रायफल घेतली, केस काढली, आणि समोरून बॅरलमध्ये सफाईची कांब घातली. कांब टोकापर्यंत जाण्याआधीच अडली. हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी दोन गोळ्या, एकीमागे एक, टेबलावर पडल्या. मित्राने क्रूसाची खूण केली. मी माझी हातप्रेस पुसत बसलो. ती आधीच स्वच्छ होती.

मग प्रमुखाच्या खोलीत मी आणि सून बसलो. समोर कहवा आला. त्याने मला नाही, तिला विचारलं, "मॅडम, क्या हुआ था?" चूक कोणाच्या लक्षात आली, एवढंच त्याला हवं होतं, आणि त्या उत्तरावर माझी पुढे स्वतः केस भरण्याची परवानगी ठरणार होती: ज्याला आपली चूक लक्षात येते त्याच्या हाती पावडर देता येते, ज्याला येत नाही त्याच्या हाती नाही. सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा ने खुद ही बोला, कुछ गड़बड़ है. मैं तो बस ज़ोर से चिल्लाई."

प्रमुखाने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

आता सगळे म्हणतात, तो तिचा चांगुलपणा. मित्र म्हणतो, देवमाणूस आहे तुझी सून. असेल. पण हा चांगुलपणा मी मागितला नव्हता, आणि नाकारलाही नाही. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "असं का सांगितलंस?" ती गाडी चालवत म्हणाली, "तुम्हाला तेवढं एकच तर आहे." मला ते उत्तर आवडलं नाही. मी उरलेल्या वाटेभर खिडकीबाहेर पाहत राहिलो.

माझी परवानगी टिकली. यानंतरचं जे कुणीच सांगत नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही, ते असं. प्रमुखाला माझी गोष्ट फार आवडली. नवे सभासद आले की तो त्यांना माझ्या टेबलाशी घेऊन येई. "ये अंकल को देखो. इतना उमर, फिर भी खुद पकड़ा. खुद बोला, स्टॉप. यही सीखो." तरुण मुलं आदराने मान डोलवत. कुणी हात पुढे करी, "मशाल्ला, सर." आणि मागच्या बाकावर सून लॅपटॉपमध्ये मान घालून बसलेली असे. दुर्बीण तिने हातात घेणं सोडलं होतं. मी सांगायचं सोडलं होतं. गोळी कुठे लागली हे मीच उठून पाहत असे.

एका शनिवारी प्रमुखाने पुन्हा दोन नवशिके आणले आणि तेच बोलायला सुरुवात केली. मी केस हातप्रेसमध्ये धरली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "नहीं. मैंने नहीं पकड़ा. मैंने इसको गाड़ी में बैठने को बोला था. इसने रोका."

मी उभाही राहिलो होतो, छाती काढून. मला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. प्रमुख माझ्याकडे बघत नव्हता. तो सुनेकडे बघत होता. "मॅडम, आपने तो मेरे को..." एवढंच म्हणून तो थांबला. तिचा चेहरा लाल झाला. तिने लॅपटॉप मिटला, "सॉरी," म्हणाली आणि गाडीकडे गेली. मी सांगितलं होतं तेव्हा गेली नव्हती. आता न सांगता गेली.

तिने गाडी हमरस्त्याला लावली. मग म्हणाली, "खरं बोलायचं होतं तर मला आधी सांगायचंत, बाबा. मी स्वतः जाऊन सांगितलं असतं. तुम्ही मोठे झालात आणि मी खोटारडी ठरले. त्या मुलांसमोर."

"मी तुझं नाव राखायला..."

"माझं नाव राखायला नाही. तुम्हाला ती शाबासकी पचत नव्हती म्हणून."

वाद घालण्यात माझी हयात गेली. कंपनीतल्या मॅनेजरांशी, सोसायटीशी, मुलाशी. त्या गाडीत मी एक वाक्यही जुळवू शकलो नाही. ती म्हणाली ते बरोबर होतं, आणि मी खरं बोलतानासुद्धा स्वतःकडेच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी प्रमुखाचा फोन आला. परवानगी त्याने रद्द केली नाही. "अंकल, आप भरो. लेकिन मॅडम पास में बैठेगी. हर बार पाउडर वो देखेगी, फिर आप चकती लगाओ. उसका आँख ठीक है. बस, खलास." मी आभार मानले. सुनेला विचारलं आहे का, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ती रात्री घरी आली तेव्हा मी म्हणालो, "पुढच्या शनिवारपासून तुला टेबलाशी बसावं लागणार आहे."

तिने पर्स खाली ठेवली. "हे कोणी ठरवलं?"

"रेंजने."

"मला कोणी विचारलं?"

नात सोफ्यावरून म्हणाली, "आजोबा, यू हॅव टू आस्क हर, नॉट टेल हर." मी तिला अभ्यास करायला पाठवलं.

तेव्हापासून रायफल रेंजच्या कपाटात आहे. मित्र सांगत फिरतो की माझे डोळे गेले. माझे डोळे ठणठणीत आहेत. मुलगा म्हणतो, बाबा रुसले. मी रुसलेलो नाही. काल संध्याकाळी सून खोलीत कुणाशी तरी ऑफिसच्या कॉलवर बोलत होती. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. तिने भुवया उंचावल्या. मी हातानेच म्हणालो, चालू दे. खुर्ची होती, पण मी बसलो नाही. बराच वेळ गेला. कॉल संपल्यावर तिने हेडफोन काढले. "बोला."

"शनिवारी तू टेबलाशी बसशील का?" मी म्हणालो. "नाही म्हणालीस तरी चालेल."

शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं, आणि ते खरं आहे की नाही हे मला अजून माहीत नाही. तिने हेडफोन टेबलावर ठेवले. "माझं ऑडिट संपू दे, बाबा. मग सांगते."

"बरं," मी म्हणालो, आणि दार ओढून घेतलं.