डावी पाकळी

दुपारचं जेवण आटोपून वैजयंती सोफ्यावर कलंडते. पाठीला उशी, हात पोटावर. पाचवा महिना आहे आणि दुपारी पडून राहायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. पडायला कुणाची ना आहे? पण डोळा लागायला मन थाऱ्यावर हवं, आणि तिचं मन समोरच्या फळीवर मांडलेल्या काळ्या दगडापाशी आहे. दगडाला तगरीच्या दोन पाकळ्या चिकटल्या आहेत, आणि त्या काही केल्या पडत नाहीत.

दगड म्हणजे झरीची माउली. गावच्या झऱ्यातून तिने तो स्वतः पुण्याला आणला. गावात होती तोवर माउलीला तिने धड हात जोडले नव्हते. पण दोनदा कूस रिकामी झाली, आणि मैत्रिणीच्या आग्रहाने ती एका कार्यशाळेत जाऊन बसली. तिथे सगळे निसर्गातल्या जुन्या देवतांशी नव्याने नातं जोडत होते. कुणी मेणबत्त्या लावून, कुणी चंद्राकडे टक लावून. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमच्या मातीतली देवता शोधा. वैजयंतीला तानीआत्या आठवली. आत्या माउलीला कौल लावायची. ओल्या पाकळ्या दगडाच्या दोन्ही अंगांना लावायच्या आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

वैजयंतीने आत्याचं तेवढंच उचललं. रोज सकाळी कौल, रोज एकच प्रश्न: बाळ राहील ना? उजवी पडली की दिवस सोन्याचा जायचा. मंगळवारी डावी पडली. तिने पुन्हा लावला, पुन्हा डावी. त्यानंतर लावलेला कौल आजवर तसाच आहे. पाकळ्या सुकल्या, पिवळ्या पडल्या, पण हलायचं नाव नाही. नवऱ्याला सांगून उपयोग नाही. निरंजन तिला हवेतला दमटपणा समजावून सांगेल.

पापण्या जड होतात. पंख्याचा आवाज ओला ओला होत जातो.

स्वयंपाकघरात कुणीतरी वाल सोलतंय. ओट्याला पाठ टेकून तानीआत्या बसली आहे, मांडीवर सूप. आत्याला जाऊन दोन वर्षं झाली हे वैजयंतीला पक्कं ठाऊक आहे, तरी तिच्या मनात आधी येतं ते हे, की चहा टाकायला हवा.

"आत्या, तू कशी आलीस?"

"चलत इलंय. बस हय."

वैजयंती बसते ती सोनोग्राफीच्या टेबलावर. पोटावर थंडगार जेल आहे. आत्या बाजूच्या स्टुलावर वाल सोलतेच आहे आणि सालं फरशीवरच्या पाण्यात पडतायत. पाणी घोट्यापर्यंत आहे, झऱ्याचं, हाडं गोठवणारं. मशीनचा पडदा काळा आहे.

"आत्या, माउली बोलत नाही गं माझ्याशी."

"तू काय इचारलंस तिका?"

"बाळ राहील का."

"आणि काल?"

"तेच."

"परवा?"

वैजयंती पोटावरचं जेल बोटाने पुसू लागते.

"आणि दुसरा काय बोललंस?"

"दुसरं काय बोलणार?"

"अगो, मी गाऱ्हाणा घालू लागलंय की आधी सांगी, गे माउली, मी अमक्याची तमकी. गाय व्याली ता सांगी, सून भांडली ता सांगी. इचारायचा ता मगे. तू आपला नाव तरी सांगलंस?"

वैजयंतीला आठवतं, नाव नाही सांगितलं. अनोळखी दार रोज वाजवायचं, एकच प्रश्न फेकायचा आणि उत्तर मिळालं की चालू लागायचं, असं तिचं चाललं होतं. तिला लाज वाटते, पण भीती त्याहून मोठी आहे.

पडद्यावर आता दगड दिसतो. आत्या पडद्यातच हात घालते. उजव्या पाकळीला बोट लावते तर ती लगेच थरथरते. डावी मात्र ढिम्म.

"ह्या काय गो?"

"गंध," वैजयंती म्हणते. "मंगळवारी दोनदा डावी पडली. म्हणून नंतर जाड गंध उगाळलं आणि तेवढीच एक चिकटवली. म्हटलं, आता उजवीच पडेल."

आत्या हसत नाही, रागावतही नाही.

"आणि उजवी पडली आसती, तर तुका ता खरा वाटला आसता?"

पाणी गुडघ्यापर्यंत चढतं. वैजयंतीला रडू फुटतं. "मला भीती वाटते, आत्या. हेही जाईल असं वाटतं. तू सांग ना, राहील का?"

"माका काय ठावक? मी मेलंय, देव नाय झालंय."

आत्या नखाने डावी पाकळी खरवडून काढते, वैजयंतीच्या तळहातावर ठेवते आणि तिची बोटं एकेक करून मिटते. आत्याच्या हाताला वालांचा वास आहे.

"ही तुझी. तिच्या अंगाक लावू नको. भिया वाटता, ता तिका सांग."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते.

वैजयंती सोफ्यावर आहे. पंखा फिरतोय. डावी मूठ घट्ट मिटलेली आहे. ती उघडते तर आत तगरीची सुकी पाकळी, पाठीला गंधाचा कडक पापुद्रा. डावी पडली!

ती धडपडत फळीपाशी जाते. उजवी पाकळी जागच्या जागी आहे. डावीच्या जागी गंधाचा पिवळट डाग. झोपेत उठून आपणच काढली की काय, हे तिला सांगता येत नाही.

उजवी पडेपर्यंत थांबावं असं तिला फार वाटतं. तरी ती बोट ओलं करते आणि तीही पाकळी हळूच काढून घेते. ओढणीच्या टोकाने दगड पुसते.

"माउली, मी वैजयंती. आत्मारामची धाकटी. तानी माझी आत्या." पुढे काय म्हणायचं ते सुचत नाही. "आज आमटी खारट झाली. आणि मला फार भीती वाटते."

ती दोन्ही पाकळ्या मुठीत मिटते.

"आज काही विचारायचं नाही," ती म्हणते. मग ते खरं नाही म्हणून पुन्हा म्हणते, "विचारायचं आहे. पण आज विचारत नाही."